लढाई एकतर दोन मिनिटांत संपते नाहीतर सगळे मरायला टेकतात, मधलं काही जमतच नाहीये

नवशिक्या_डीएम

मंडळी, डीएमगिरी (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा) सुरू करून सहा महिने झाले, पाच प्लेअर आहेत, सगळे लेव्हल ३, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ) पाचवी एडिशन, २०१४ चे नियम. गोष्ट रंगते, आवाज काढून बोलणं वगैरे पण बरं जमतं, पण लढाई आली की माझा अंदाज साफ चुकतो.

गेल्या महिन्यात गुहेच्या तोंडाशी एक ऑगर ठेवला होता. मी त्याचं एवढं वर्णन केलं, खांद्यावर झाडाचं खोड, चालला की जमीन हादरते, सगळं. ५९ हिट पॉइंट (शून्यावर आले की खेळ संपला). दुसऱ्या राउंडला मेला. त्याला आख्ख्या लढाईत एकदाच सोटा फिरवायला मिळाला आणि तोही हुकला. एक जण म्हणाला "बस्स, एवढंच?" आणि माझा पोपट झाला.

मग मी पुढच्या वेळेला ठरवलं की आता दाखवतो. आठ हॉबगॉब्लिन घातले. हिशेब करूनच घातले हो, प्रत्येकी १०० एक्सपी (अनुभवाचे गुण, राक्षस किती जड ते यातच मोजतात) म्हणजे ८००, आणि पाच जणांना लेव्हल ३ ला मीडियमची रेघ (लढाईच्या पायऱ्या ईझी, मीडियम, हार्ड, डेडली) ७५० ला आहे आणि हार्डची ११२५ ला, म्हणजे मीडियमच्या किंचित वर. म्हटलं बरोब्बर बसेल. तिसऱ्या राउंडपर्यंत विझर्ड (जादूगार) आडवा, रॉग (चोर) आडवा, आणि क्लेरिकसुद्धा (पुजारीण) खाली पडलेली, तिचा एक डेथ सेव्ह (शून्यावर पडल्यावर जगण्यासाठी टाकायचा फासा, तीन फेल म्हणजे मरण) आधीच फेल गेलेला.

आणि इथे मी माती खाल्ली. एका हॉबगॉब्लिनचा टर्न होता, तो तिच्या शेजारीच उभा, मी पडलेल्या क्लेरिकवर वार टाकला. अॅडव्हान्टेज होता म्हणून दोन फासे (मोठा तो धरायचा), त्यातला एक स्क्रीनच्या खालून घरंगळत बाहेर गेला आणि तिच्याच कॅरेक्टर शीटला टेकून थांबला. १७. त्यात ३ मिळवले की २०, तिचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १८. पाच फुटांच्या आतून बेशुद्ध माणसावर हिट म्हणजे आपोआप क्रिट (जबर घाव), क्रिट म्हणजे दोन फेल, आधीचा एक धरून तीन, खेळ खलास. सगळे फाशाकडे बघतायत आणि माझ्या तोंडून निघालं "चुकला".

कोणी काही बोललं नाही. तीच हळूच म्हणाली, "अठराच आहे रे माझा." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पुढच्या दोन राउंडमध्ये हॉबगॉब्लिन एकदम मठ्ठ झाल्यासारखे वागले, ती जगली, सगळे जगले, आणि कोणालाच मजा आली नाही. जिंकल्यावर जो आरडाओरडा होतो ना तो झालाच नाही.

तर प्रश्न दोन आहेत. एक, हे बॅलन्स प्रकरण बसवायचं कसं. आणि दोन, फासे फज करावेत का (पडलेला आकडा लपवून दुसराच सांगणं), आणि केले असतील आणि पकडले गेलो असू तर आता पुढे काय.

हिशेबनीस

तुमचा हिशेब अर्धाच झालाय. २०१४ च्या डीएमजीत (डंजन मास्टर्स गाइड, डीएमचं पुस्तक) एक्सपीची बेरीज झाल्यावर राक्षसांच्या संख्येप्रमाणे गुणायचं असतं, ती पायरी बहुतेक जण गाळतात. एकाला काही नाही, दोन असले तर दीडपट, ३ ते ६ ला दुप्पट, ७ ते १० ला अडीचपट, पुढे ती चौपटीपर्यंत जाते. तुमचे आठ, म्हणजे ८०० गुणिले अडीच बरोबर २०००. आता तुमच्या पार्टीची डेडलीची रेघ काढा, लेव्हल ३ ला माणशी ४००, पाच जण, २०००. तुम्ही किंचित मीडियम समजून बरोब्बर डेडलीच्या रेघेवर पाय ठेवलात 😀

आणि हॉबगॉब्लिन म्हणजे त्यातल्या त्यात नग आहेत. एसी १८, तुमच्या लोकांचा हल्ल्याचा बोनस साधारण ५ असेल तर फाशावर १३ लागतात, म्हणजे दर पाच वारांतले तीन फुकट. वर त्यांना ते मार्शल अॅडव्हान्टेज आहे, त्यांचा कोणी साथीदार तुमच्या शेजारी उभा असला की टर्नला एकदा २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) जास्तीचं डॅमेज. तलवारीचे सरासरी साडेपाच आणि वरचे ७, झाले साडेबारा. लेव्हल ३ च्या विझर्डकडे असतात किती, सतरा-अठरा. दोन हिट आणि झोपला. एक हॉबगॉब्लिन कोणीही मारेल पण आठ एकत्र आले की तो निराळाच प्राणी होतो.

ऑगरचं नेमकं उलट झालं. ४५० एक्सपी, पाच जणांना ते ईझीतच बसतं. पण मुख्य गोष्ट एक्सपी नाहीच, तुमच्याकडे राउंडला पाच टर्न आणि त्याच्याकडे एक. एकट्या राक्षसाची ही रड कायमचीच, म्हणून तर मोठ्या ड्रॅगनना लेजंडरी अॅक्शन दिल्यात, दुसऱ्याचा टर्न संपला की मध्येच काहीतरी करता येतं. ऑगरला तेवढं नका देऊ, पण त्याला इनिशिएटिव्हमध्ये (टर्नच्या क्रमात) दोन जागा द्या, किंवा सोबत तीन-चार गॉब्लिन सोडा, फरक लगेच दिसेल.

अजून एक, तुम्ही दिवसाला किती लढाया घेता? त्याच पुस्तकात धरलंय की पार्टी दिवसभरात मीडियम नाहीतर हार्ड अशा सहा ते आठ लढाया झेलते, मध्ये दोन शॉर्ट रेस्ट. प्रत्यक्षात कोणाच्या टेबलवर एवढं होतं? एका सेशनला एक लढाई, तीही लाँग रेस्ट करून ताजेतवाने आलेले, विझर्ड सगळे स्पेल स्लॉट (दिवसाचा जादूचा साठा) पहिल्याच राउंडला उधळून मोकळा. मग मीडियम ही मीडियम राहतच नाही. २०२४ च्या नव्या पुस्तकात हे गुणाकार काढून टाकलेत, लो, मॉडरेट आणि हाय अशा तीनच पायऱ्या, हिशेब सोपा झाला पण संख्येचं भान आता तुम्हालाच ठेवायचंय.

बाकी सीआरवर (राक्षस किती अवघड ते सांगणारा आकडा) आंधळा विश्वास नको. शॅडो बघा, सीआर अर्धा, हॉबगॉब्लिनएवढाच. पण त्याचा हिट लागला की १डी४ स्ट्रेंग्थ जाते आणि शून्याला पोचलात की थेट मरण, डेथ सेव्ह वगैरे काही नाही, वर काही तासांनी मेलेल्याची नवी शॅडो उठते. आठ स्ट्रेंग्थवाला विझर्ड नशीब फुटकं असेल तर दोन हिटमध्ये जातो, त्याचे हिट पॉइंट कितीही असोत. कागदावर हे दोन्ही प्राणी सारख्याच किमतीचे.

खुळखुळा

त्यापेक्षा पाथफाइंडर हा दुसरा खेळ, त्याची दुसरी एडिशन खेळा, चार जणांना मॉडरेट म्हणजे ८० एक्सपी, पार्टीच्याच लेव्हलचा प्राणी ४० चा, दोन ठेवले की झालं. तिथे गणित खरंच जुळतं. (पळतो आता)

हिशेबनीस

खुळखुळा, आलास का. प्रत्येक धाग्यावर एकच पिपाणी. गणित जुळतं हे मान्य, पण त्यांचा प्रश्न सिस्टीम बदलायचा नाहीये.

जुना_फासा

मी जरा वेगळं बोलतो, कोणाला पटेल कोणाला नाही. बॅलन्स कशाला पाहिजे?

मी १९८१ च्या बेसिक सेटवर खेळायला शिकलो. तिथे एन्काउंटर बॅलन्स नावाची चीज नव्हती, आणि आम्ही काही रोज मरत नव्हतो. का, तर एक्सपी मिळायचे ते मुख्यतः खजिन्याचे, राक्षस मारून चिल्लर मिळायची. त्यामुळे लढणं हा बावळटांचा मार्ग होता, शहाणा माणूस आधी वाकून बघायचा, मग लाच द्यायचा, मग चोरून आत शिरायचा, आणि अगदीच गळ्याशी आलं तर तलवार. राक्षस दिसला की डीएम आधी २डी६ टाकून बघायचा की त्याची वृत्ती काय, तो धावून येतो की बोलायला तयार आहे. आणि मोराल (राक्षसाचा धीर)! ही गोष्ट लोक का विसरले मला कळत नाही. त्यांच्यातला पहिला मेला की २डी६, अर्धे पडले की परत २डी६, मोरालच्या आकड्यापेक्षा जास्त आला की पळाले किंवा शरण आले. तुमच्या त्या आठ हॉबगॉब्लिनमधले दोन मेल्यावर उरलेले सहा शेवटच्या थेंबापर्यंत का लढत होते? त्यांना बायकापोरं नाहीत?

आता मुद्द्याचं. प्लेअर मेले म्हणून कोणी चिडत नाही. न सांगता मेले की चिडतात. तुम्ही ऑगरचं वर्णन केलंत ना झाडाचं खोड वगैरे, ते तो समोर आल्यावर केलंत. तेव्हा फक्त इनिशिएटिव्ह टाकायचं उरलेलं असतं. ते आधी करायचं. वाटेत एक मोडलेली गाडी दाखवा, बैल नाहीये, जोखड आहे आणि ते मधोमध मोडलंय. पुढे गुहेबाहेर हाडं, चघळलेली. मग आतून घोरण्याचा आवाज. आता हे सगळं बघून सरळ चालत आत गेले आणि मेले, तर ते त्यांचं मरण. आणि झोपलेल्याच्या अंगावर वरून दगड ढकलून मारला तर ती त्यांची करामत, लढाई अर्ध्या राउंडची झाली म्हणून तुम्ही हळहळायचं नाही. मी एकदा तीन सेशन तयारी केलेला सरदार असाच घालवला, त्यांनी त्याच्या तंबूचे दोर कापले आणि तंबूला आग लावली. माझ्या पोटात दुखलं हे खरं, पण त्या टोळक्याला आज दहा वर्षांनीही दुसरी कुठली लढाई आठवत नाही, तेवढीच आठवते.

फज करू नका. पडदा काढा, फासे उघड्यावर टाका. संपला विषय.

पाचवी_खुर्ची

मी डीएम नाही, फक्त खेळते, त्यामुळे खुर्चीच्या या बाजूने दोन शब्द.

पहिलं म्हणजे जुना_फासा यांचं वाचायला छान वाटतं पण सगळ्यांनाच तसं खेळायचं नसतं हो काका. माझ्या ग्रुपमध्ये एक जण असा आहे की त्याने महिनाभर बसून कॅरेक्टर बनवलाय, कुठला फीट (खास कसब) कुठल्या लेव्हलला घ्यायचा सगळं ठरवून, त्याला लढायचंच आहे, त्याला दोर कापून जिंकलेलं चालत नाही. आणि दुसरी एक आहे तिला लढाई सुरू झाली की जांभया येतात, तिला त्या सरदाराशी बोलायचं असतं. दोघं एकाच टेबलवर. तर आधी विचारा की बाबांनो तुम्हाला काय हवंय, आणि कॅरेक्टर मेलेला चालेल का, हे पहिल्या सेशनच्या आधी बसून बोलायला हवं होतं पण आताही उशीर झालेला नाही.

दुसरं, आम्हाला वैताग कशाचा येतो ते सांगते. हरण्याचा नाही येत. टर्न न मिळण्याचा येतो. एकदा आमच्या डीएमने होल्ड पर्सन (जागीच गोठवणारी जादू) टाकला माझ्यावर, सेव्ह फेल, पॅरलाइझ. बरं ठीक. पाच प्लेअर, सात राक्षस, एका राउंडला वीस-पंचवीस मिनिटं, माझा टर्न आला की मी एक फासा टाकणार, फेल, पुढचा. तासभर मी तेवढंच केलं. त्या लढाईत कोणी मेलं नाही, नियमाप्रमाणे सगळं बरोब्बर होतं, आणि मी घरी जाताना ठरवलेलं की पुढच्या वेळेला येत नाही. (गेले. पण ठरवलेलं.) म्हणून माझं म्हणणं, आठ हॉबगॉब्लिन आणायचेच तर चार आत्ता आणा आणि चार दोन राउंडनंतर शिंग फुंकत येऊ देत. पहिल्या चारांनीच लोक टेकीला आले तर दुसरे चार कधीच येणार नाहीत, कोणाला काय कळणार आहे, ते बिचारे कुठेतरी पलीकडच्या टेकडीवर फिरत असतील.

तिसरं. कृपा करून आम्ही ज्यात चांगले आहोत ते अवघड करू नका. आमच्या रॉगने कुलुपं उघडण्यात एक्स्पर्टीज घेतली, तर पुढच्या सेशनपासून सगळ्या कुलपांची डीसी (जमायला गाठायचा आकडा) पाचने वाढली. मग त्याने ती घेतली कशाला? लुटू द्या ना त्याला चार तिजोऱ्या. चॅलेंज कुलुपात नको, कुलुप उघडायला किती वेळ लागतोय आणि जिन्यावरून पावलं वाजतायत त्यात हवं.

आणि हो, लढाई म्हणजे समोरचा शून्यावर नेणं एवढंच का असतं नेहमी? कोणीतरी घंटा वाजवायला पळतोय, त्याला अडवायचंय. पूल तुटायच्या आत पलीकडे जायचंय. कैद्याला जिवंत न्यायचंय. असं काही असलं की आमच्या त्या जांभईवालीलाही काम मिळतं आणि लढवय्यालाही, आणि हरलो तरी मरत नाही, फक्त घंटा वाजते.

खुळखुळा

+१ पाचवी_खुर्ची. शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावा.

सोंगटी

फजिंगबद्दल सगळे एवढे सोवळे का झालेत? मी बारा वर्षं डीएम आहे, फज करते, बिनदिक्कत करते. डीएमजीतसुद्धा पडद्यामागे फासे टाकले तर निकाल बदलता येतो असं म्हटलंय. गोष्ट चांगली व्हावी म्हणून केलं तर काय बिघडलं. नवशिक्याची चूक फज करण्यात नाही, फासा पडद्याबाहेर गेल्यावर फज करण्यात आहे 😂

जुना_फासा

सोंगटी, तुला बारा वर्षांत कोणी पकडलं नाही असं तुला वाटतं. त्यांना माहीत असतं, फक्त ते बोलत नाहीत. आणि एकदा माहीत झालं की मग २० पडला तरी त्यांना आनंद होत नाही, वाटतं आपल्याला जिंकवलंय.

सोंगटी

असेल. पण मग नवा माणूस हिशेब चुकला म्हणून आख्खी पार्टी मारू देणार का? त्यांनी काहीच चूक केलेली नाही, चूक डीएमची आहे, सहा महिन्यांचं कॅम्पेन एका गुणाकारासाठी बुडवायचं?

हिशेबनीस

मधला रस्ता आहे ना. फासा खोटा बोलायची गरजच नाही, राक्षसाच्या बाजूच्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी तुमच्या हातात आहेत. हॉबगॉब्लिनचे ११ हिट पॉइंट ही सरासरी आहे, मुळात ते २डी८ अधिक २ आहेत, म्हणजे ४ पासून १८ पर्यंत कुठलाही आकडा कायदेशीर. ऑगर २८ चा रोगट असू शकतो आणि ९१ चा पैलवानही. लढाईच्या आधी ठरवा म्हणजे झालं, मध्येच बदलायला लागलात की ते परत फजच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, राक्षस काय करतो हे तर शंभर टक्के तुमचं आहे. पडलेल्या क्लेरिकवर वार करायलाच हवा होता असं कोणी सांगितलं? समोर उभा फायटर तलवार घेऊन अंगावर येतोय तेव्हा कुठला सैनिक खाली पडलेल्याला भोसकत बसेल. हॉबगॉब्लिन शिस्तीचे आहेत, त्यांना कैदी हवे असतील. शून्यावर आणणारा वार हातघाईचा असेल तर मारायच्या ऐवजी बेशुद्ध करता येतं, आणि त्यानंतर पुढचं सेशन पिंजऱ्यात सुरू होतं, शस्त्रं नाहीत, स्पेलबुक नाही. ते हरणंच आहे, पण खेळता येण्यासारखं हरणं. तुम्ही फासा उचललात तेव्हाच तुमचा निर्णय चुकला होता, तो १७ बिचारा नंतर आला.

सोंगटी

हे मात्र पटलं. फासा टाकायचा म्हणजे दोन्ही निकालांना आपली तयारी हवी, नसेल तर टाकूच नये.

पाचवी_खुर्ची

आणि नवशिक्या, तिच्याशी बोला. ग्रुपवर मेसेज टाकून नको, तिच्याशी. तिने "अठराच आहे" म्हटलं ना, ती तुम्हाला सांगत होती की मी तयार आहे.

नवशिक्या_डीएम

सगळ्यांना आधी थँक्यू, उत्तर द्यायला तीन आठवडे लागले कारण मध्ये दोन सेशन झाले आणि म्हटलं करून बघून मगच लिहावं.

तिला फोन केला. म्हटलं मी खोटं बोललो, गुणाकार चुकला होता, घाबरलो. ती म्हणाली मला माहितीये, मला मेल्याचं वाईट वाटलं नसतं, माझ्याकडे मरतानाचं वाक्य तयार होतं. वाक्य काय ते सांगितलं नाही, म्हणे लागेल पुढे.

मग सगळ्यांना विचारलं. तिघांना मरण चाललं, एकाला नको होतं (तो महिनाभर कॅरेक्टर बनवणारा, तुमच्याकडचा तो इकडे पण आहे बहुतेक), एकाला काहीही चाललं. शेवटी असं ठरलं की मरण आहे, पण आधी खुणा दिसल्याशिवाय नाही, आणि फासे उघड्यावर.

दुसरा ऑगर आणला, सोबत चार गॉब्लिन. यावेळी गुणाकार केला, ४५० आणि २००, ६५०, राक्षस पाच म्हणून दुप्पट, १३००, हार्डच्या रेघेच्या थोडं वर. एक गॉब्लिन घंटेजवळ उभा केला आणि घंटा वाजली तर काय होईल ते त्यांना आदल्या सेशनलाच एका म्हाताऱ्या कैद्याकडून सांगून ठेवलं. पहिल्याच राउंडला बार्बेरियन ऑगरवर धावला, बाकी चौघं घंटेवाल्याच्या मागे, म्हणजे बार्बेरियन एकटा ऑगरसमोर, सोट्याचे दोन हिट खाल्ले, २७ गेले, तो ओरडतोय अरे इकडे या कोणीतरी आणि रॉग तिकडे शिडीवर गॉब्लिनचा पाय धरून लोंबकळतोय. दोन गॉब्लिन पडल्यावर मोराल टाकला, जुना_फासा यांच्या पद्धतीने, एक पळाला, एकाने भाला टाकून हात वर केले. ऑगर चौथ्या राउंडला पडला. घंटा वाजली नाही पण लाकडी चौकट मोडून ती खाली दरीत गेली आणि तिथे वाजली, हे मी आयत्या वेळी घुसडलं, त्याचा परिणाम काय ते अजून माझं मलाच ठरवायचंय.

पाऊण तास लढाई चालली आणि कोणी मोबाईल बघितला नाही, एवढं मला पुरे आहे. तरी हिशेबनीस, एक शंका राहिली, पाचातला एक जण येणार नसेल तर आयत्या वेळी काय कमी करायचं, गॉब्लिन की ऑगरचे हिट पॉइंट?

आणि क्लेरिकवरचे वार आता मी टाकत नाही. तिने अट घातली की माझ्यावर येणारा प्रत्येक फासा मीच टाकणार. परवा स्वतःवरच २० टाकला आणि टेबलावर हात आपटून सगळ्यात मोठ्याने तीच ओरडली.

हिशेबनीस

गॉब्लिन कमी करा. दोन.